भिंतीची जाडी

माणूस खोटं बोलेल, पण त्याचं हृदय कधी खोटं बोलत नाही. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले रुपराव हे सगळ्यांना पुराव्यानिशी सांगत. प्रेशर एकशे ऐंशी, गोळी बंद, झणझणीत सावजी मटण चालू. तरी दरवर्षीच्या इको तपासणीत हृदयाची भिंत चार वर्षं नॉर्मल दहा मिलिमीटरवरच अडून बसलेली.

"पाहून राहिल्या ना मॅडम? गोळ्या कमजोर पेशंटले द्या!"

पाचव्या वर्षी मात्र भिंत तेरा मिलिमीटर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाचही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. "काका, प्रेशरने हृदय जाड व्हायला लागलंय. आता गोळी टाळलीत, तर पुढची भेट आयसीयूत."

रुपरावांचा चेहरा उतरला. त्यांनी महिनाभराच्या गोळ्या विकत घेतल्या, तडक खाप्याची बस पकडली आणि धाकट्या भावाच्या हातात ते पाकीट कोंबलं.

"देवराव, रोज सकाळी एक घेत जाय गा. हयगय करू नको."

"मले काहून, दादा? पेशंट तं तू आहे!"

"पेशंट मी, पण माह्या नावानं दरसाली इको कोण काढून येते? तुह्या हृदयाची भिंत जाड झाली गा. मले कायले पाहिजे गोळी?"



रुपरावांच्या स्वतःच्या हृदयाचा इको आजवर एकदाही निघालेला नाही.