एकमत

"आई, तू मध्ये बस," थोरला म्हणाला, आणि धाकटा कुणी न सांगता तिच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

जहाजाच्या मोठ्या दालनात नाताळचं झाड छताला टेकलं होतं. त्याखाली फोटो काढून घ्यायला सगळं कुटुंब जमलं होतं. वडील गेल्यापासून या दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता. एकाच्या घरी वाढदिवस असला की दुसऱ्याचं नेमकं डोकं दुखायचं. आणि आज दोघांचेही हात आईच्या खांद्यांवर होते.

भांडणाचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. ते कारण ती स्वतःच होती. वडिलांना पोचवून आल्यावर दोघं आतल्या खोलीत दार लावून बसले, आई कुणाकडे राहणार ते ठरवायला. आवाज चढले, काहीतरी फुटलं, आणि धाकटा दार आपटून निघून गेला.

"माझ्यावरून भांडतात हो!" ती शेजारणीला सांगायची. "एवढे घोडे झाले, पण आई मलाच हवी!" सांगताना डोळे पुसायची खरी, पण आवाजातला तोरा काही लपायचा नाही.

निकाल न लागल्यामुळे ती आपल्या जुन्या घरात एकटीच राहिली. 'ये' म्हणून आग्रह कुणीच केला नाही. एकमेकांचं मन राखतात, दुसरं काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

त्यामुळे थोरल्याचा फोन आला, तेव्हा तिचा कानांवर विश्वास बसेना.

"यंदाचा नाताळ सगळ्यांनी बोटीवर करू, आई."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"तोही येतोय. बोलणं झालंय आमचं."

बॅग भरायला थोरली सून स्वतः आली. तिने स्वेटर भरले तसे उन्हाळ्यातले सुती कपडेही भरले. "समुद्रावरच्या हवेचा काय भरवसा, आई," म्हणाली. थोरल्याने औषधांचा हा एवढा डबा आणला.

"अरे, दुकान मांडायचंय का मला?" आई हसली. तो हसला नाही. पोरगा लहानपणापासूनच काळजीखोर.

जहाजावरही दोघांनी तिला फुलासारखं जपलं. केबिन लिफ्टजवळची, डॉक्टरांची खोली त्याच मजल्यावर. धाकट्याने न्हाणीघरातली आधाराची दांडी हलवून हलवून पाहिली. मग दोघं भाऊ जोडीने डॉक्टरांना भेटून आले. तिथून डेकवर कितीतरी वेळ डोक्याला डोकं लावून फेऱ्या मारत राहिले. आई पांघरूण घेऊन आरामखुर्चीत बसली होती. त्या दोन पाठमोऱ्या आकृत्या बघून तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात नात येऊन खुर्चीच्या हातावर बसली.

"आजी, तुला बोट आवडली? खरं खरं सांग."

"आवडली तर! का गं?"

"बाबांनी विचारून यायला सांगितलं," म्हणत पोर पळालीसुद्धा.

नाताळच्या दुपारच्या जेवणाला सगळ्यांनी कागदी टोप्या घातल्या. धाकट्याने आईच्या ताटातलं मांस स्वतः बारीक कापून दिलं. बँडवाले टेबलापाशी येऊन वाजवून गेले. गोड पदार्थ आला तसा थोरल्याने विचारलं, "आई, नाताळची भेट काय हवी तुला?"

ती याचीच वाट बघत होती.

"दोघांनी गळाभेट घ्या. माझ्यासमोर. बाकी मला काही नको."

सुनांनी ताटात बघितलं. मग थोरला उठला, धाकटाही उठला, आणि तिच्या खुर्चीमागे दोघांनी एकमेकांना मिठी मारली. धाकट्याचे डोळे भरून आले होते. तो तिच्याकडे बघेचना.

"मिटलं ना रे सगळं?" तिने विचारलं.

"मिटलं," थोरला म्हणाला. "आता आमचं एकमत आहे, आई."

तिला भरून आलं. पोरांनी एवढं केलं, तर आपणही काहीतरी करायला हवं, असं तिच्या मनाने घेतलं. उरलेली दुपार ती केबिनमध्ये विचार करत पडली आणि तिने ठरवूनच टाकलं. जुनं घर सोडायचं. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. कुणाचंच मन मोडायला नको. संध्याकाळी जेवताना सांगायचं.

ती जहाजावरची शेवटची संध्याकाळ होती. सामानाला नावाची पट्टी बांधून जेवणाआधी दाराबाहेर ठेवायचं, जहाजावरची माणसं ते उचलून खाली नेतात, आणि सकाळी सगळे मोकळ्या हातांनी उतरतात, अशी तिथली रीत होती. मुलांच्या बॅगा हिरव्या पट्ट्या बांधून केव्हाच बाहेर आल्या होत्या. तिला पट्टी कुणी आणून दिली नव्हती. विसरले असतील, गडबडीत विसरतो माणूस. कशाला त्यांना त्रास, म्हणून तिने कपाटातले सगळे कपडे स्वतःच घड्या घालून भरले आणि धापा टाकत बॅग ओढून दाराबाहेर ठेवली. मग पलंगावर बसून जेवताना काय बोलायचं ते मनाशी घोळवू लागली.

दार वाजलं. केबिन आवरायला येणारी मुलगी उभी होती. तिच्या हातात आईचीच बॅग होती.

"आजी, ही चुकून बाहेर ठेवलीत का?"

"चुकून कशाला? उद्या उतरायचंय ना आम्हाला?"

मुलीने बॅग आत घेतली, कपाट उघडलं आणि एकेक कपडा पुन्हा हँगरला लावत हसून म्हणाली, "उद्या ते सगळे उतरणार आहेत, आजी. तुमची केबिन पुढच्या नाताळापर्यंत तुमचीच आहे."