चार्जिंगची पाळी

जीपच्या लायटरच्या भोकात तीनतोंडी पिन खोचून मामीचा पंखा, मामाचा गाण्याचा स्पीकर आणि सुदामचा मोबाईल एकदमच लावलेले. फट्ट आवाज आला, फ्यूज उडाला.

साखरपुड्याला निघालेल्या सुदामचा जीव टांगणीला लागला. होणाऱ्या नवरीचा नुकताच मेसेज आलेला, "एक विचारायचंय, खरं सांगा, फोन करा," आणि तेवढ्यात मोबाईल मेला. तिचा नंबर काही पाठ नव्हता.

ड्रायव्हरनं दुसरा फ्यूज बसवला. "आता एका वेळी एकच लावा, नाहीतर चालत या!"

सोबत निघालेले भिकानाना म्हणजे जन्मभर कालव्याचं पाणी वाटलेला पाटकरी. ते म्हणाले, "मग पाळी लागंल. कालव्यासारखी, शेवटच्या शिवारापासून." म्हणजे मागच्या सीटवरचा स्पीकर आधी, मधला पंखा नंतर, आणि पुढं बसलेला नवरदेव सगळ्यात शेवटी.

"नाना, ती लग्न मोडायला निघालीय!"

"पाळी म्हणजे पाळी. मी सख्ख्या भावाला सोडलं नाही, तू कोण?"

नवरीचं गाव दिसायला लागलं तेव्हा कुठं मोबाईल उजळला. सुदामनं लगेच फोन लावला. मघाशी गाणी त्याच्याच मोबाईलवरनं ब्लूटूथनं लागलेली, मोबाईल चालू होताच तो परत स्पीकरला जोडला गेला, त्यामुळं तिचा आवाज थेट मामाच्या स्पीकरमधून घुमला, "अहो, मी खरंच आवडले, का घरच्यांनी बळंच हो म्हणायला लावलं?"

सुदामचे कान लालबुंद. शेवटी तो ओरडलाच, "लई आवडलीस!"

जीपमध्ये शिट्ट्या उठल्या, आणि स्पीकरमधून त्याहून मोठा गलका आला. तिच्याही भोवती अख्खं गणगोत कान लावून बसलं होतं!