दिवालीआजीची अर्धी गोष्ट

चोपड्याच्या वाचनालयात ममता पावरा म्हाताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायची. आवाज स्वच्छ यावा म्हणून तिने दिवालीआजीला आधीच बजावलं, "आजी, मी मध्ये हुंकारा देणार नाही हं."

"हुंकाऱ्याबिगर गोष्ट पुढं जात नाही, पोरी," म्हातारी कुरकुरली. तरी बंद खोलीत तिने अर्धी गोष्ट सांगितली. मग खोकल्याची उबळ आली आणि उरलेली उद्यावर गेली. तो उद्या आजीला दिसलाच नाही.

तेराव्यानंतर भरदुपारी ममताने रेकॉर्डिंग लावलं. आजीच्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी "हूं" म्हणत होतं.

तिने घाईघाईने मशीन बंद केलं.

"हूं," शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. "मग?"

पुढची गोष्ट ममताला ठाऊक नव्हती.