नारिंगी वायर

संध्याकाळी बर्फाचं वादळ येणार, मागोमाग उणे चाळीसची थंडी, म्हणून ओरेस्टनं लाकडं आत घेतली. पण गारठ्यात गाडी बंद पडू नये म्हणून इंजिन विजेवर गरम ठेवायची नारिंगी वायर सापडेना. अखेर दिसली: त्याच्याच भिंतीतल्या प्लगमधून, कुंपणाखालून, शेजारच्या डेलच्या गाडीत शिरलेली. याच कुंपणावरून भांडून दोघांनी बोलणं टाकलेलं. “तू दिलीस?” तो बायकोवर खेकसला. “डेलचा बाहेरचा प्लग जळालाय. त्याच्या बायकोचे दिवस भरलेत, दवाखाना दीड तासावर.” “आणि आपली गाडी?” “तुला थोड्याच कळा येणारेत?” तणतणत तो पलीकडे गेला. डेलच्या खिडकीचा पडदा हलला. वायरीचं टोक नुसतंच अडकवलं होतं. “गाढवाला एवढंही धड जमत नाही,” म्हणत ओरेस्टनं ते घट्ट दाबलं, बर्फ शिरू नये म्हणून वर आपला हातमोजा चढवला आणि पडद्याला सुनावलं, “आधी पोर होऊ दे, मग कुंपणाचं बघतो.”