मुहूर्ताचं कुलूप

परळीच्या प्रियदर्शनीनं कुलूपदुरुस्तीचा रीतसर कोर्स केला, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी, दगडाबाईंनी, तिला बजावलं होतं, "लग्नात ह्या चोरविद्येचं नाव बी काढू नगंस. लोकं हसतील."

लग्नाच्या दिवशी नवरदेव खोलीत कपडे बदलत होता आणि कुणीतरी बाहेरून कुलूप लावून गेलं. किल्ली काही सापडेना, मुहूर्त टळायला आला. शेवटी नवरीच शालू सावरत धावली. तिनं अंबाड्यातल्या दोन पिना काढल्या आणि बघता बघता कुलूप उघडलं! मांडवात शिट्ट्या घुमल्या, बँडवाल्यांनी ठेका धरला.

दगडाबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि नवरीच्या कानाशी लागल्या.



"पोरी, मला शुगर हाय म्हणून तुझ्या सासऱ्यानं लाडवाच्या कपाटाला कुलूप घातलंय. मला बी शिकीव की!"