हाताला गुण

"मालिशवाली डॉक्टर म्हण की सरळ," शाल्मलीचा अर्ज बाजूला सरकवत डॉ. टिपणीस मराठीत म्हणाले. ओहायोतल्या त्या हॉस्पिटलात सर्जरीच्या प्रशिक्षणासाठी कोणाला घ्यायचं, हे तेच ठरवत.

"ऑस्टिओपॅथी, सर. बाकीचे डॉक्टर शिकतात ते सगळं शिकलेय. वर हातांनी उपचार करायलाही शिकलेय."

"असं?" सकाळपासून ऑपरेशनला वाकून त्यांची मान आखडली होती. "मग ही मान मोकळी करून दाखव."

शाल्मली उठून त्यांच्या मागे उभी राहिली. तिची बोटं मानेवरून खाली उतरली आणि डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशी थांबली. तिथे तिने अंगठा दाबून धरला. पाच मिनिटांनी टिपणिसांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि खात्री करायला पुन्हा डावीकडे.

"हाताला गुण आहे गं तुझ्या," ते खुशीत म्हणाले. "सर्जरीच्या नादी कशाला लागतेस? हेच कर की."

शाल्मलीने बाजूला पडलेला अर्ज उचलला आणि त्यांच्यासमोरच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवला.

"हे मला येतंच, सर. येत नाही ते शिकायला आलेय."