बांधावरची झोळी

उसाच्या सरीत तीन पिल्लं दिसली आणि द्वारकाचा कोयता वरच्या वर थांबला.

"रानमांजराची दिसतात. घे ओच्यात, कोपीवर पोरं खेळतील," मुकादम म्हणाला.

"बिबट्याची हायेत. हात लावायचा नाही, फड सोडायचा. आई येऊन नेती. वनरक्षक ताईनं चित्रं दाखवून हेच सांगितलं होतं."

तोडणीचा खाडा पडणार म्हणून मुकादमाचं टाळकं सरकलं, पण द्वारका हटेना. अखेर टोळी उठली. बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीतून तिनं आपलं झोपलेलं लेकरू काढलं आणि तळावरची पाचटाची कोपी गाठली.

सकाळी ताईबरोबर सगळे आले, तर पिल्लं आईनं नेली होती.

"मादीवर उपकारच केलेस की!" मुकादम आता हसून म्हणाला.

ताई मात्र बाभळीखाली वाकली होती. काल लेकरू झोळीत निजवल्यावर शेजारच्या पाटाचं पाणी इथवर आलं होतं. त्या ओल्या मातीत बिबट्याचा पंजा उमटला होता आणि त्यावर द्वारकाच्या चपलेचा ठसा. म्हणजे काल द्वारका लेकराला घ्यायला येण्याआधीच मादी झोळीखालून गेली होती.

कडेवरचं लेकरू सावरत द्वारकानं उसाकडे बघून मान लववली.

"उपकार तुझेच गं बाई. आधी तू माझं राखलंस."